साहेबांची साफसफाई

नको असलेली वस्तू नजरेआड करण्यात आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांचा हात धरणारा माणूस अख्ख्या सुपे गावात नव्हता. पशुखाद्याच्या त्या कारखान्यात मी कॉम्प्युटर चालवायचे आणि हे गृहस्थ माझ्या मागे उभे राहून "बाई, हे कशाला ठेवलंय?" असं विचारायचे. एकदा तर रजेवर गेलेल्या अकाउंटंटची खुर्चीच त्यांनी भंगारात दिली आणि तो परतल्यावर "इतके दिवस कोणी बसलं नाही हो तिच्यावर," म्हणाले. दुसरं वेड शिस्तीचं. प्रत्येक कामाचा कागद कॉम्प्युटरमधून छापून निघायचा आणि फिटरने त्यावर लिहिलंय तेवढंच करायचं. कुणी आपल्या डोक्याने एखादा जास्तीचा नट आवळला, तर साहेब त्याला तो पुन्हा सैल करायला लावत. आम्ही मागे हसायचो, पण माणूस आम्हाला आवडायचा.

एके दिवशी ही दोन वेडं एकमेकांना भेटली. सकाळी एक जुनं भरडयंत्र भंगारात गेलं. साहेबांनी लगोलग कॉम्प्युटरवर त्याची नोंद उघडली, तिच्याखाली दिसलेली 'आत उतरण्यापूर्वी' ही कृती पुसली आणि समाधानाने हात झटकले. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, मगच आत उतरा, अशी ती कृती. ती एकदाच लिहून आम्ही सगळ्या मशीनना जोडलेली होती, त्यामुळे एकीकडे पुसली की सगळीकडून गेली. हे मला कळलं ते जेवणाच्या सुट्टीत, खाद्य कालवणाऱ्या मोठ्या मिक्सरच्या कागदाची दुसरी प्रत फायलीला लावताना. वर मशीनचं नाव, खाली 'आतली पाती खरवडणे', आणि मध्ये काहीच नाही. पहिली प्रत घेऊन जामखेडकडचा नवा फिटर केव्हाच गेला होता.

"साहेब, ती कृती सगळीकडची गेली," मी म्हणाले.

"परत आणता येते ना?"

"येते. पुसलेलं आत शिल्लक असतं. पण तो मिक्सरमध्ये उतरला असेल."

सुट्टी संपत आली होती. भोंगा झाला की ऑपरेटर येऊन मिक्सरचं बटण दाबणार होता. जिना चढतानाही दोनदा थांबणारे साहेब धावत सुटले आणि मी त्यांच्या मागे. मिक्सरच्या पोटातून खरवडल्याचा आवाज येत होता. साहेबांनी मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपसून काढले आणि तेवढ्यात भोंगा वाजला. ऑपरेटर तोंड पुसत आला. साहेब पॅनेलला पाठ लावून उभे होते. त्यांनी हात आडवा धरला.

बऱ्याच वेळाने फिटर भुशाने माखून बाहेर आला. "साहेब, तुमी हितं का हुबं?"

"स्विच का नाही बंद केलास?"

"कागदात न्हवतं की."

साहेब तिथेच एका पोत्यावर बसले. "तुझं बरोबर आहे रे. मीच पुसलं ते," म्हणाले आणि त्यांनी रुमालात तोंड लपवलं. मी वर जाऊन ती कृती परत आणली.

पुढे निवृत्त होईपर्यंत, कुणीही मशीनमध्ये उतरलं की साहेब पॅनेलपाशी स्टूल टाकून बसत. कागद पूर्ण असे, फ्यूज उतरणाऱ्याच्याच खिशात असत, साहेबांचं तिथे काही काम नसे. तरी आतून हाक यायची, "साहेब, हाय ना तुमी?"

"आहे रे. बसलोय."