काचेपलीकडचा जनू

महिन्याभरापूर्वी एका सकाळी प्रमोदचा, म्हणजे जनूच्या पुतण्याचा, फोन आला. "काका, जनूकाका गेले," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार... आदल्या संध्याकाळीच मला ते कळून चुकलं होतं, आणि कळूनही हात बांधल्यासारखा मी घरी परतलो होतो.

जनू दापोड्याचा, मी शेजारच्या वळ गावचा. तरुणपणी भिवंडीत एकाच यंत्रमाग कारखान्यात आम्ही लूम चालवले. त्या खटखटाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. आम्ही तर शेडच्या दोन टोकांना उभे राहून, आवाज न काढता, भांडायचो. तेही कशावरून, तर भयकथांवरून. रद्दीवाल्याकडून जनू असली जुनी पुस्तकं उचलून आणी. पडक्या गढ्या, बंद तळघरं, धुकं... आपल्याकडे धुकं कुठलं, धूळ आहे, असं मी चिडवायचो. त्यातल्या दोन कथा त्याच्या मानगुटीवरच बसल्या होत्या. एकीत मरणाच्या भीतीनं एक जमीनदार हवेलीची दारं-खिडक्या बंद करत जातो, आणि शेवटी त्याच्याकडे पाहुणा येतो तो मरणच. दुसरीत एक माणूस तळघरात अडकून हाका मारतो. वर मेजवानी चाललेली, ताटांचा आवाज त्याला ऐकू येत असतो. मला पहिली जास्त भयंकर वाटे. जनूला ते मुळीच पटत नसे.

"त्यानं दार सोताच लावलं," तो म्हणे, "दुसऱ्यानं कुठं लावलं? मरनाला कोन भितो रं. मानसं हायेत आनि येत न्हायेत, त्याला भ्यावं."

वर्षानुवर्षं हा वाद चालला. कारखाना सुटला, त्याचं लग्न राहूनच गेलं, घराभोवतीची शेतं जाऊन गोदामं उभी राहिली. तरी मी दुपारी गेलो की तो तिथूनच सुरू करी. तो स्वतःबद्दल बोलतोय हे मला कळत होतं. पण असलं काही आम्ही पुस्तकाआडूनच बोलायचो.

मग त्याच्या छातीनं दगा दिला. अतिदक्षता विभागात आत कुणालाच सोडत नव्हते, मी काचेबाहेर उभा. मला बघून जनूनं तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि ओठ हलवले.

"बाबा काहीतरी पुटपुटतायत, पण आवाजच फुटत नाही," सिस्टर बाहेर येऊन म्हणाली.

मला मात्र लख्ख कळलं होतं. आत ये, म्हणत होता. मी तिला तसं सांगितलं. तिचा चेहरा पडला. "काका, खरंच नाही सोडता येत. बाकीचे पेशंट पण आहेत ना," ती म्हणाली. तिचंही चुकीचं नव्हतं. तिनं जाऊन मास्क लावला, त्यानं तो पुन्हा ओढला. पुन्हा तेच. ओठ वाचता आले नसते तर बरं झालं असतं, असं पहिल्यांदाच वाटलं मला. शेवटी मीही ओठांनीच म्हणालो, "आलो."

त्याला ते कळलं. तो पलंगावर कसाबसा एका कडेला सरकला, माझ्यापुरती जागा केली, आणि दाराकडे बघत राहिला.

परवा प्रमोदनं पुस्तकं न्यायला बोलावलं. "बसा ना काका," म्हणाला. जनूच्या खोलीत बसायला ती एक खाटच आहे. मी पुस्तकं घेतली आणि उभ्या उभ्याच निघालो.