राब पेटवण्याआधी

उंबरमाळीला आमच्या बांधाला लागून मावशीचं शेत. ती माझ्यासकट सगळ्यांना 'मुडद्या' म्हणायची. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला राबाचा पालापाचोळा पसरला, की पेटवण्याआधी ती तो काठीने झोडपायची. "निघा मुडद्यांनो, भाजाल!" सरडे सैरावैरा पळायचे. त्यातल्या एखाद्याला बांधावरच्या झाडाच्या ढोलीतला रानपिंगळा, ते दिवसाढवळ्या शिकार करणारं इवलंसं घुबड, अलगद उचलायचा.

"मावशी, मग वाचवलंस कोणाला?"

"त्यालाच रे मुडद्या. सगलेच जळले तं तो काय खाईल?"

एका वर्षी ते ढोलीचं झाड कोणीतरी तोडून नेलं. मावशीने तरीही पाला झोडपला. सरडे पळाले. ती रिकाम्या बांधाकडे बघत राहिली, इतका वेळ की सरडे परत पाल्यात शिरले.

मग तिने पुन्हा काठी उचलली.