बापाच्या नावाचा तांब्या

माझ्या बापाच्या घराण्याचं नाक फार मोठं होतं. जमीन होती, बैल होते, आणि गावात कोणाच्या घरचं पाणी चालतं नि कोणाच्या घरचं चालत नाही हे लहानथोरांना तोंडपाठ होतं. अक्कल मात्र त्या नाकाला पुरेल एवढी नव्हती. आईच्या हातांवर पांढरे डाग उठले, तेव्हा कोड कशाला म्हणतात आणि महारोग कशाला, एवढंही त्या शहाण्यांना कळलं नाही. आधी तिला चुलीपासून उठवलं, मग माठापासून, मग ओसरीवरून. एके सकाळी बापानं गाडी जुंपली आणि म्हणाला, "कळमनुरीच्या दवाखान्यात दाखवून आणू." दाखवलं खरं त्यानं. आणायचं तेवढं विसरला.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. वाटेत प्यायला म्हणून आईनं घरून पितळेचा तांब्या घेतला होता. त्याच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी बापाचं नाव ठोकलेलं होतं. तेव्हा सगळ्याच घरी भांड्यांवर नावं ठोकायचे, भांडं हरवू नये म्हणून. बाई हरवली तर चालत होतं. त्या घरातून आम्ही आणलेली वस्तू म्हणाल तर तेवढीच.

दवाखाना मिशनचा होता. तिथल्या नर्सबाईनं आईचे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि सांगितलं की हे नुसतं कोड आहे, लागत नाही आणि यानं कोणी मरतही नाही. आईला वाटलं, झालं, आता नवरा न्यायला येईल. बाईनं तसा निरोपही धाडला. उलट निरोप आला तो असा, की त्यानं दुसरी केली. एवढी घाई तर माणूस मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल आणतानाही करत नाही.

बाईनं आईला परसातली भाजी लावायचं काम दिलं आणि कंपाउंडाच्या कोपऱ्यातली एक खोली दिली. त्याच कंपाउंडात देऊळ होतं. आम्ही ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो, पण कळस-बिळस काही मनात आणू नका. शेणानं सारवलेली लांब पत्र्याची खोली, आणि दारात टांगलेला रुळाचा एक तुकडा. त्यावर लोखंडी कांब हाणली की घंटा झाली. उपासनेला येणारी सगळी माणसं महारवाड्यातून आलेली, दोन पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली.

पहिल्या रविवारी आई दाराशी घुटमळत होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात तांब्या. घंटा वाजवणारी एक म्हातारी होती, तिला सगळे मावशीच म्हणायचे. तिनं कांब खाली ठेवली आणि म्हणाली, "काहून उभ्या ऱ्हायल्या बाई? या आत. आपुन आता गाणं म्हनू."

आई म्हणाली, "तुमी म्हना. आमी ऐकतो."

हे एवढंच बोलणं झालं, पण पुढची कितीतरी वर्षं मी ते पाहत आले. आमी म्हणजे समोरच्याला सोडून बाकीचे. आपुन म्हणजे समोरच्याला धरून सगळे. बोबडं बोलणाऱ्या लेकरालाही हा फरक कळतो, त्याला शाळा लागत नाही. मावशी आईला दर रविवारी आपुन म्हणायची आणि आई तिला दर रविवारी आमी ऐकवायची. त्या आमीत मी होते, ती होती, आणि ज्यानं तिला बैलगाडीतून उतरवून टाकलं तो नवरा आणि त्याचं सगळं गणगोतही होतं. कोणाची माणसं धरून बसली होती ही बाई, असा मला राग यायचा.

उपासना संपली की मावशी गुळाचा खडा द्यायची आणि माठातलं पाणी. गिलास एकच, पितळेचा. तो हातोहात सगळ्यांत फिरायचा. आई गूळ घ्यायची. पाणी आलं की मान हलवायची आणि आपला तांब्या तोंडाला लावायची. गुळाला विटाळ नव्हता, पाण्याला होता. हे शास्त्र ज्यानं काढलं त्याला एकदा वैशाखात काळ्या रानात दिवसभर उभा केला पाहिजे.

आणि ज्यांचं पाणी तिला चालत नव्हतं ती माणसं कशी होती? आईच्या हातानं मळलेलं पीठ माझ्या आजीनं कुत्र्यापुढं टाकलं होतं. त्याच हातांत या बाया आपली तान्ही लेकरं द्यायच्या, सहज, गाणं म्हणता म्हणता, कडेवर जड झालं म्हणून. कोणी डागाकडं पाहायचं नाही. आई लेकरू घ्यायची, त्याला मांडीवर डोलवायची, गाणंही म्हणायची. तिचा गळा गोड होता आणि तिला ते ठाऊक होतं. मग पाणी आलं की पुन्हा पाटलीणबाई. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मी घरातच पाहिला.

मी पहिल्याच रविवारी त्यांच्या गिलासानं घटाघटा पाणी प्याले. खोलीवर आल्यावर आईनं पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या रविवारीही प्याले, तेव्हाही घातला. मग तिचा हात थकला. पण दर शनिवारी चिंचेनं तो तांब्या घासायचं काम तिनं माझ्यावरच ठेवलं. बापाच्या नावाची टिंबं कशी लख्ख दिसली पाहिजेत. काळी राहिली की पुन्हा घासायला लावायची. माझ्या बोटांच्या पेरांना चिंच झोंबायची आणि मी मनात त्या नावाला अशा शिव्या घालायची की देवळात बसणाऱ्या पोरीला त्या शोभत नव्हत्या.

महिन्यातून एकदा पाळकसाहेब सायकलवर यायचे. त्यांना आईच्या तांब्याचा भारी त्रास. सगळ्या शास्त्रात त्यांना दुसरं काही सापडतच नव्हतं जणू. आले की तहान आणि पाणी, पाणी आणि तहान. बोलायचं सगळ्यांना आणि बघायचं तांब्याकडं. उपदेश झाला की विचारायचे, "बाई, बाप्तिस्म्याचं काय ठरवलंत?" आई म्हणायची, "मी येते, बसते, गाणं म्हनते. देवाला तेवढं बास हाय. घाई तुमालाच." प्रीती, सहनशीलता असे मोठमोठे शब्द सांगणाऱ्या माणसाचे कान मग लाल व्हायचे. एकदा ते मावशीला म्हणाले, की हिला दाराबाहेर बसवा, एका तांब्यानं मंडळीला कमीपणा येतो. मावशी म्हणाली, "बसू द्या साहेब. तांब्या येगळा असंना, तहान काय येगळी हाय?" तेव्हापासून मला मावशीचा उपदेश आवडायला लागला. तो एका ओळीत संपायचा.

मी मोठी झाले, त्याच देवळात लिहायला-वाचायला शिकले, बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं तिथल्याच लेकरांना अक्षरं शिकवायला लागले. माझ्या बाप्तिस्म्याला आई आली, तांब्या घेऊन. पण आता तिला ताप यायला लागला होता, आणि तापात ती एकच विचारायची, "मी मेले तर मला कोन उचलंन?" बापाच्या गावाला ती मेलेलीच होती. आणि या माणसांना ती इतक्या वर्षांत एकदाही आपली म्हणाली नव्हती. मी म्हणायची, "मावशीला एकदा आपुन म्हन, तुला खांद्यावर घेऊन नाचतील." ती भिंतीकडं तोंड करायची. मला तिची कीव यायची आणि त्याहून जास्त संताप यायचा. ज्या दारातून हाकललं त्याच दारावर डोळे लावून मरायचं, यात कसली अब्रू होती देव जाणे.

मग ते रझाकारांचं वर्ष आलं. गावंच्या गावं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पळत होती, कारण नदीच्या पैलाड निजामाचं राज्य नव्हतं. पण पावसाळा होता आणि नदीला पूर. उतार पडेपर्यंत माणसं जागा मिळेल तिथं थांबत होती. मिशनच्या कंपाउंडात कोणी शिरत नाही अशी बोलवा होती, म्हणून आमचं देऊळ, परस, सगळं भरून गेलं. मावशीनं देवळातल्या माठाशिवाय आणखी दोन माठ बाहेर दाराशी मांडले. येईल त्याला आधी पाणी, मग बाकीची चौकशी. तू कोण, कुठला, असं तिनं कोणालाच विचारलं नाही.

एका दुपारी फाटकातून एक गाडी आत आली. हाकणाऱ्याचा पटका चिखलानं भरलेला, मिशा मात्र अजून ताठ. मागं एक बाई लेकरू पदराखाली घेऊन बसली होती. तो उतरला, माझ्याकडं पाहून म्हणाला, "पोरी, कोनाची गं तू?" मी त्याला लगेच ओळखलं. त्यानं मला ओळखलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर त्या शनिवारच्या सगळ्या शिव्या बाहेर आल्या असत्या.

आई देवळातून बाहेर आली. हातात तांब्या होताच. त्यानं आधी तांब्या पाहिला, मग त्यावरचं नाव, आणि मग तिच्याकडं पाहिलं. आधी आपलं नाव आणि मग बायको. त्याचा चेहरा उजळला.

"ह्यो तर आपला तांब्या," तो म्हणाला. "बरं झालं. घशाला कोरड पडून राहिली. त्यातच दे पानी. इथलं कोनाचं नको. आपुन घरची मानसं."

आपुन. बारा वर्षं झाली असतील किंवा जास्तच, त्या एका शब्दासाठी मी पितळ घासत होते. आईचे डोळे भरून आले, ते मला दिसलं. आता ही विरघळणार, त्याच्या पायांशी तांब्या ठेवणार, आणि इतक्या वर्षांची या माणसांची माया मातीत जाणार, अशी माझी खात्री झाली. मावशी माठाशी उभी होती. तिनं नजर खाली घातली.

आई माठापाशी गेली. तांब्या खाली ठेवला. मावशीच्या हातातला गिलास घेतला, माठात बुडवला आणि तोंड लावून प्यायली. सावकाश, सगळा. पुन्हा भरला, तसाच उष्टा, आणि त्याच्यापुढं धरला.

"आमी हे पानी पितो," ती म्हणाली. "तुमाला चालत असंल तर प्या."

माझी सावत्र आई शहाणी निघाली. तिनं गाडीतूनच हात लांबवला, गिलास घेतला, स्वतः प्याली, ओलं बोट लेकराच्या ओठांवर फिरवलं आणि म्हणाली, "अजून द्या बाई." बाप गिलासाकडं बघत राहिला. मग तो लिंबाखाली जाऊन बसला, मिशा ताठ, घसा कोरडा. बसू दिला त्याला. त्याच्या घराण्याला ते काम चांगलं जमायचं.

दिवे लागायच्या वेळी मी मुलांच्या पाट्या आत ठेवायला देवळात गेले. कोपऱ्यात माठाजवळ कोणीतरी वाकून, गिलासावर गिलास रिचवत होतं. इकडंतिकडं बघायचं आणि प्यायचं. मावशी दाराआड चटई झाडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "सावकास प्या पाव्हनं. ठसका लागंल." आणि त्याला लागलाच. मी इतकी हसले की मला बाहेर जावं लागलं. नाक एवढं मोठं, आणि पाणी चोरून.

दोन दिवसांनी नदी उतरली. गाडी जुंपताना तो आईला म्हणाला, "सगळं शांत झाल्यावर बघू तुझं." आईनं त्याच्या हातात तांब्या दिला. "याच्यावर तुमचं नाव हाय," ती म्हणाली. "घेऊन जा." मला वाटलं, निदान आता तरी लाज वाटेल, नको म्हणेल. कसलं काय. त्यानं बोटानं टिचकी मारून पाहिलं, पितळ अजून खणखणीत आहे का, आणि गाडीत ठेवला. आईनं गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंतसुद्धा पाहिलं नाही, वांग्याच्या वाफ्यात खुरपायला बसली.

पुढं पाळकसाहेब जिथं जातील तिथं सांगत फिरले की त्यांच्या उपदेशानं एका हट्टी बाईचं मन कसं पालटलं. गाडी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते आलेच नव्हते, चिखलात सायकल चालत नव्हती. आम्ही होतो. गाणी झाली, प्रार्थना झाली, मावशीनं गूळ वाटला आणि गिलास फिरवला. आईपाशी आल्यावर सवयीनं तो पुढं न्यायला लागली, तर आईनं तिचा हात धरला.

मावशीनं मुद्दाम विचारलं, "तांब्या कुठं हाय तुमचा?"

"ज्याचा त्याला देला."

"मंग आता पानी कशानं प्याल?"

"कशानं म्हंजे?" आई म्हणाली. "आपला गिलास हाय की."