एका आडनावाची पाच देवकं

आडनाव सांगत नाही. सांगितलं तर उधन्यातली निम्मी गल्ली उद्या सकाळी माझ्या दारात उभी राहील आणि प्रत्येक जण विचारेल, "नाना, माझ्यावर लिहिलंत ना?" एवढंच सांगतो की गुजरातेतल्या या कापडगिरण्यांच्या शहरात आमच्या आडनावाला तोटा नाही. आमच्या आडनावाची पिठाची गिरणी आहे, पानाची टपरी आहे, ब्लाउज शिवणाऱ्या बाईची पाटी आहे. रिक्षाच्या मागच्या काचेवर ते लाल अक्षरांत असतं, आणि रिक्षा जितकी खिळखिळी तितकी अक्षरं मोठी. एका अख्ख्या सोसायटीला आमचं आडनाव आहे. तिथं आमच्यातलं कुणीही राहत नाही. गिरणीच्या ओट्याखाली झोपणाऱ्या कुत्र्यालाही लोक त्याच नावानं हाक मारतात आणि तो मान वर करतो. आमच्यापैकी बरेच जण तेवढंही करत नाहीत.

लोकांना वाटतं, एवढा मोठा गोतावळा, मजा असेल. मजा कसली! मी पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात आहे. बारा तास गरम वाफेत उभं राहायचं, बोटं कधी जांभळी तर कधी हिरवी घेऊन घरी यायचं, आणि पाय बादलीत सोडतो न सोडतो तोच दारात कुणीतरी. "नाना, आपल्यातले एक जण गेले." आपल्यातले म्हणजे आपल्या आडनावाचे. मी अशा माणसांना खांदा दिलाय ज्यांचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते तिरडीवर. बारशी, साखरपुडे, वास्तुशांती वेगळ्याच. बायको म्हणते, "तुमचा आवाज मोठा आहे ना, म्हणून बोलावतात." खरं आहे. मला बोलायला आवडतं, चार माणसं हसली की मला चढते. पण पन्नाशीनंतर चढायलाही गुडघे लागतात.

तर एका रविवारी मी खाटेवर आडवा पडलो होतो. पडलो होतो म्हणजे कपडे वाळत घालतात तसं मला कुणीतरी घातलं होतं. दारात आमच्याच आडनावाचा एक लूमवाला, यंत्रमागावर कापड विणणारा. तीन गल्ल्या पलीकडे राहतो, लूमच्या खडखडाटानं एक कान गेलेला, म्हणून नेहमी ओरडून बोलतो. त्या दिवशी मात्र हळू बोलला. तेवढ्यावरूनच मी उठून बसलो.

"नाना, पोरीचं जमलंय. भेस्तानचं घर आहे. मुलगा चांगला आहे."

"मग असं सुतकी तोंड का?"

"मांडवाला भाऊबंद लागतात ना."

आमच्या खानदेशात मांडवाच्या दिवशी देवक बसवतात. देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाची एखाद्या झाडाची फांदी, कुणाचं पीस. ती भाऊबंदांनी वाजतगाजत आणायची, मांडवाच्या खांबाला बांधायची, मग पुढचं लग्न. एका कुळाचं देवक एक. आणि ज्याच्या मांडवात भाऊबंद नाहीत त्याच्या घरी पोरगी द्यायला आणि त्याच्या घरची करायला लोक कचरतात. म्हणतात, याला का टाकलं असेल?

याला टाकलं होतं. काही वर्षांपूर्वी गावी याचा सख्खा चुलता गेला आणि हा गेला नाही. इथं लूम चालवत राहिला, सुतकातही. नंतर गेला तेव्हा घरच्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून जाणं-येणं बंद. आता पोरीच्या लग्नालाही कुणी येणार नव्हतं. मुलाच्या बापानं मात्र निरोप पाठवला होता : मांडवाला आम्ही चार जण येऊ, तुमच्या भाऊबंदांची ओळख करून घेऊ.

"भाऊ," तो आता आपल्या अहिराणीवर आला, "तुम्ही नही येनात तर मना मांडो सुना राही."

मांडव सुना राहील म्हणे. मी बायकोकडे पाहिलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघता काय? हो म्हणा. नाटकात काम करायची हौसच आहे तुम्हाला."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगात थोडं वारं शिरलं. भूमिका होती, प्रेक्षक होते, संवाद आपलेच. मी गल्लीतून माणसं गोळा केली. गिरणीवाला, टपरीवाला, रिक्षावाला, सगळे आमच्याच आडनावाचे, सगळे वेगळ्या गावचे. तालीम घेतली. कोण कुणाचा चुलता, कोण पुतण्या, गावात घर कुठल्या बाजूला. गिरणीवाल्याला सांगितलं, तू कमी बोल. टपरीवाल्याला सांगितलं, तू बोलूच नकोस.

रेल्वेत काम करणारा माझा एक जुना मित्र आहे, बाबासाहेबांच्या वाटेनं गेलेल्या घरातला. आडनाव तेच. त्याला मी बोलावलं नव्हतं. तो स्वतःच आला.

"मला का वगळलं रे?"

"अरे, देवकाचं काम आहे. तुला कशाला त्रास?"

"त्रास माझा की तुझा?"

माझ्यासारख्याला गप्प करणारी माणसं या शहरात दोनच, हा आणि बायको.

"आडनाव आहे ना? मग येतो," तो म्हणाला. "फांदीबिंदी मी आणणार नाही. पेढे आणतो."

मांडवाचा दिवस उजाडला. सकाळच्या उन्हातच पत्रे तापलेले. गल्लीत निळं कापड ताणलेलं, दोन्ही बाजूंच्या घरांतून लूम सुरूच, कारण दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नाला कुठला मालक लूम थांबवतो? मी रात्रपाळी करून, न झोपताच आलो होतो. डोळ्यांत वाळू, पण अंगावर पांढरा सदरा. हातात आंब्याची फांदी. आमच्या घराचं देवक आंबा. शेजारच्या गुजराती काकांच्या अंगणातून विचारून तोडली होती.

मांडवात शिरलो आणि पाहतो तर गिरणीवाला कळंबाची फांदी घेऊन उभा. टपरीवाला प्लॅस्टिकच्या पिशवीत मोरपीस घेऊन. रिक्षावाल्यानं रेल्वे रुळाकडेची रुई तोडून आणलेली, बोटांना चीक लागलेला. आणि खांबाजवळ ताटात, कुणी विसरलंच तर म्हणून, मुलीच्या बापानं स्वतः आणलेलं उंबर.

झालं होतं असं. बापानं आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं, "देवक आणायचं भाऊबंदांनीच असतं, तेवढं विसरू नका." प्रत्येकाला वाटलं, हा मान आपल्या एकट्याला मिळाला. आणि देवक म्हटल्यावर माणूस आपल्याच घरचं आणणार! चुलता कोण, पुतण्या कोण, सगळं घोकलं. कुळाची खूण एक ठेवायची हे कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा नाही. सगळ्यांच्या नसांत आपापलं गाव इतकं मुरलेलं की विचारायची गरजच वाटली नाही.

"लपवा रे," मी दातांतल्या दातांत म्हणालो.

"कुठं लपवू?" टपरीवाला म्हणाला. "मोरपीस आहे, नाना, वांगं नाही."

तेवढ्यात भेस्तानची मंडळी आली. मुलाचा बाप, मुलाचा मामा आणि आणखी दोघं. बाप बारीक, डोळे खोल गेलेले. आमच्यासारखाच, कुठल्याशा प्रोसेस हाउसमध्ये कापड धुणारा. मामा मात्र पुढारी थाटाचा. तो सतरंजीवर बसायच्या आधीच आमच्या हातांकडे पाहू लागला. आंबा. कळंब. मोरपीस. रुई. मग ताटातलं उंबर.

"तुम्ही सगळे एकाच कुळाचे?"

मी घसा साफ केला. बोलायला सुरुवात केली तर मी हत्तीलाही पटवून देईन की तो उंदीर आहे. पण त्या पाच देवकांसमोर माझ्या तोंडातून एकही वाक्य बाहेर येईना. रात्रपाळीचा शीण एकदम अंगावर आला. मामा तोवर रेल्वेवाल्याकडे वळला होता.

"आणि तुम्ही? आडनाव तेच का?"

"तेच."

"कोणते?"

कोणते म्हणजे काय विचारतात, हे आपल्याकडे जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. रेल्वेवाल्यानं पेढ्यांचा खोका मांडीवरून खाली ठेवला.

"बौद्ध. आमच्या घरी देवक बसवत नाहीत. मी यांच्या गल्लीतला. पेढा घ्या."

मामानं पेढा घेतला नाही. तो उठला. "चला दाजी. ही सगळी भाड्यानं आणलेली माणसं आहेत."

आत बायकांची हळदीची गाणी चालली होती, ती थांबली. दाराच्या पडद्याआड मुलगी उभी होती, हिरव्या बांगड्या भरलेले हात पडद्यावर. ते मी पाहिलं आणि माझी सगळी नाटकाची हौस उतरली.

तेव्हा मुलीचा बाप पुढे आला. तो नेहमीसारखा ओरडून बोलला, लूम चालू असल्यासारखा, आणि लूम चालू होतेच.

"भाड्याची नाहीत! बोलावली म्हणून आलीत. माझे सख्खे भाऊबंद येत नाहीत. चुलता गेला तेव्हा मी गेलो नाही. मी लूमवर होतो."

मुलाचा बाप अजून बसलेलाच होता. त्यानं विचारलं, "सुट्टी मिळाली नाही?"

"मागितलीच नाही. मागितली असती तर परत आल्यावर मशीनवर दुसराच असता. ही तेव्हा शाळेत होती, तिची आई दवाखान्यात." आवाज थोडा खाली आला. "मशीनवरच रडलो. धागा दिसेना. दिवसभर माल खराब निघाला."

त्या सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी गावी वारलं होतं, आणि आपण इथं होतो. रिक्षावाला मान खाली घालून बोटांवरचा चीक खरवडत राहिला.

मुलाच्या बापानं मामाला हातानंच खाली बसवलं. मग तो आमच्याकडे वळला.

"देवकाचं मला फार कळत नाही. आमचं काय आहे ते माझ्या बायकोलाच माहीत. मला एकच विचारायचं आहे. दोन भांडी एकत्र आली की वाजतात. उद्या आमच्या घरात वाजलं, पोरगी रडत बसली, तर मी कुणाला बोलवायचं? बाप एकटा आला तर आमची माणसं त्याला गुंडाळतात. भाऊबंद त्याच्यासाठी लागतात. कोण येईल?"

खरं सांगतो, मला नको होतं. मला घरी जाऊन झोपायचं होतं. आणखी एक घर, आणखी एक पोरगी, आणखी फेऱ्या. आयुष्यभर आडनावानं मला ओढलंय, आणि इथं तर सुटायला सोपं होतं. खरं बाहेर आलंच होतं, नाटक संपलं होतं. मी पडद्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर म्हणता आलं असतं की दया आली. दया नव्हती. मुलाच्या बापाचा प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणारं दुसरं कुणी तोंड उघडेना.

"मी येईन," मी म्हणालो.

"एकटे?"

"मीही येईन," रेल्वेवाला म्हणाला. "याला एकट्याला पाठवलं तर भाषण करेल आणि भांडण वाढवेल."

मुलाचा बाप हसला. मग गिरणीवाला बोलला, मग रिक्षावाला, आणि मी बोलू नको म्हटलेला टपरीवाला सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जोरात. उंबर खांबाला बांधलं, बापाच्या कुळाचं तेच म्हणून. बाकीच्या फांद्या आम्ही भिंतीशी ठेवल्या. जेवणं होईपर्यंत एका शेळीनं कळंब आणि आंबा संपवला, रुईला तोंड लावलं नाही. भाऊबंदांना टोपी-टॉवेल द्यायची वेळ आली तेव्हा मुलाच्या बापानं ताट मामाच्या हातात दिलं. मामा रेल्वेवाल्यापाशी येऊन क्षणभर थांबला. रेल्वेवाल्यानं टॉवेल घेतला, टोपी परत ठेवली. म्हणाला, "टोपी नको, केस कमी झालेत पण हौस गेली नाही." मामानं मग पेढा घेतला. हसला नाही.

लग्न झालं. पोरगी भेस्तानला गेली. मी पुन्हा रंगात, वाफेत, बादलीत.

गेल्या महिन्यात दुपारी फोन आला. मी नुकताच आडवा झालो होतो.

"काका, येता का? इथं जरा वाजलंय. मी साड्यांना लेस लावायच्या कामाला जाते म्हणतेय, सासूबाई नको म्हणतात. बाबांना सांगू नका, ते ओरडतील."

"ते नेहमीच ओरडतात."

"म्हणूनच."

मी उठलो. बायकोनं सदरा हातात दिला. रेल्वेवाल्याला वाटेत घेतलं. तो रिक्षात पूर्ण वेळ झोपला, मी झोपेच्या बाहेर बसून त्याचा हेवा केला. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. मनात एकही वाक्य तयार नव्हतं.

भेस्तानला तिच्या घरी पोचलो. आतून सासूचा चढलेला आवाज आला, "आता कोण आलंय?"

मुलाच्या बापानं दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि मागं वळून म्हणाला, "तिचे भाऊबंद आलेत. चहा टाक."

आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो.