सब्जाचा डबा

आमच्या रत्नागिरीकडे कबरीवर सब्जा लावतात. मातीखालच्याला तेवढाच गारवा, असं म्हणतात. दुबईत बायकोचे बाळंतपणाचे चाळीस दिवसही भरले नव्हते, तोच आमचा पहिला मुलगा गेला. त्याच्यासाठी आता तिला एवढंच करायचं होतं.

बी घरातच होतं, सरबतात घालायला आणलेलं. तिनं तुपाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून अंगणात पेरलं. पहिली रोपं विहिरीच्या मचूळ पाण्यानं जळाली, मातीवर मीठ फुललं. पिण्याचं पाणी तेव्हा तिथं विकत, मोजकंच मिळायचं; मग ती आपल्या वाट्याचं घालू लागली. स्वतः तहानलेली राहायची. मला राग यायचा, पण तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

थंडी सुरू झाली. शेजारची बलुची म्हातारी म्हणाली, इथला हिवाळा म्हणजेच तुमचा पावसाळा, लावणीचे दिवस; आत्ताच कबरीवर नेऊन लावा. बायकोला पटेना. उघड्या वाळूत कोवळं रोप गारठून मरेल, जरा जून होऊ दे, असं तिचं म्हणणं. मलाही तेच खरं वाटलं. वाळवंटातलं आम्हाला काय कळत होतं! रोज संध्याकाळी ती डबा भिंतीच्या आडोशाला घ्यायची, वर गोणपाट टाकायची. सब्जा चांगला फोफावला. हिवाळाभर तिनं त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. हे लिहितानाही जीव तुटतो.

थंडी सरली आणि थेट गरम वारे सुटले. कब्रस्तानात बायका जात नसत, म्हणून डबा घेऊन मी गेलो. कबरींवर नावं नव्हतीच, उशाला नुसते दगड. तेही वादळानं वाळूखाली गाडले होते. ओळखीचं काही दिसेना. मी हातांनी वाळू उपसत बसलो, तेव्हा राखणदार जवळ आला.

"सब रेती है, हबीबी. किधर ढूंढेगा?"

डबा तसाच घरी आणला. जे झालं ते तिला सांगितलं. मला वाटलं, ती हंबरडा फोडेल. ती बराच वेळ पानं चुरगाळत बसली.

मग म्हणाली, "कुठल्याही लहान कबरीवर लावून यायचं होतं. कुणाच्या तरी लेकराला गारवा झाला असता."

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि एका वीतभर उंचवट्यावर सब्जा लावून आलो. लावला का, एवढंच तिनं विचारलं. त्या उन्हात त्याला पाणी कोण घालणार, हे तिनं विचारलं नाही.