हाडाचा करगोटा

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात आठवणी सांगतात, लिहीत कोणी नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर अडकलेला. एका मोडलेल्या मांडीपलीकडे ज्याच्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही, त्याने लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तरी लिहितो. त्या महिन्यांत बोलायला जवळ कोणी नसायचं, आणि न बोललेलं बरंच साठून राहिलं आहे.

मित्राच्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजातून येत होतो. मये गावाच्या वळणावर सुट्या खडीवरून घसरलो. मित्राला नुसतं खरचटलं. माझ्या डाव्या मांडीचं हाड मोडलं, आणि मोडलं तेही तिरकं, वरून खाली लांब चीर गेलेलं. डॉक्टरांनी पोलादाची पट्टी बसवली, पण चीर होती त्या जागी स्क्रू धरेना. म्हणून तिथे हाडाभोवती केबल आवळली.

कापून उरलेलं तिचं टोक त्यांनी नंतर आम्हाला दाखवलं. सुतळीपेक्षाही बारीक, पण दोरीसारखी विणलेली. केसाएवढे पोलादी धागे एकमेकांत पिळून केलेला गोफच म्हणा. आईने ते बोटांत धरून फिरवून पाहिलं.

"म्हणजे हाडाक करगोटोच बांधलो की हो."

डॉक्टर हसले. "तसंच समजा मावशी. पण करगोट्याने मूल मोठं होत नाही ना? ही फक्त धरून ठेवणार. जुळायचं ते हाडानंच."

"आनी जुळूंक ना तर?"

"तर पाय टेकून टेकून एक दिवस केबलच तुटेल. मग परत ऑपरेशन."

परत ऑपरेशन म्हणजे आणखी एक वर्ष. आणखी एक वर्ष गेलं की मी कॉलेजात परत जाणार नाही, हे मला कळत होतं. घरात कोणी तसं म्हणालं नाही. पण पाहुणे आले की 'तुझं शिक्षण' म्हणायचे सोडून 'तुझं आता पुढं काय' म्हणू लागले होते.

आई सकाळी काजूच्या फॅक्टरीत जायची. जाताना पेज, पाणी आणि फोन हाताशी ठेवायची. बाबा घरी नव्हते. खाणी बंद पडल्यावर आमचा ट्रक घरामागे उभा राहिला आणि बाबा दुसऱ्याचा ट्रक घेऊन लांबच्या भाड्यांवर जाऊ लागले. माझ्या खाटेशेजारच्या जनेलातून आमचा ट्रक दिसायचा. टायर काढून दगडांवर ठेवलेला, एका बाजूने वेल चढलेली. दिवसभर मी त्याच्याकडे बघायचो, कारण दुसरं बघायला काही नव्हतं.

पहिले काही दिवस मित्र आले. मग परीक्षा जवळ आल्या. वर्गाच्या ग्रुपवर कोण कुठे भेटणार, कोणाच्या नोट्स कोणाकडे, असं चालायचं. मी आधी उत्तरं द्यायचो, मग नुसतं वाचायचो, मग तेही बंद केलं. दिवसातून एकदा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायचा. तो सायकल थांबवून जनेलातून पोळी, म्हणजे इथला गोल पाव, आत द्यायचा आणि विचारायचा, "कितें पात्राव, उठलो काय ना?" मी म्हणायचो, "फाल्यां." उद्या, उद्या म्हणत राहायचं, हा आमचा रोजचा विनोद. तो गेला की संध्याकाळी आई येईपर्यंत माझा स्वतःचा आवाजही मला ऐकू यायचा नाही.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "अजून युनियन झालेली नाही."

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या भागात युनियन म्हणजे एकच, ट्रकवाल्यांची. खाणीवर कोणाच्या गाडीचा नंबर कधी, हे ती ठरवायची. ती फुटून बरेच दिवस झाले होते. आमच्या दारातून दिसणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या बाकावर ट्रकवाले अजून रोज बसतात आणि पुन्हा युनियन झाली तर काय काय होईल ते बोलत राहतात. डॉक्टर हाड जुळण्याला युनियन म्हणत आहेत, हे आईला मी समजावून सांगितलं. पण बाबांना फोनवर सांगताना मीही तीच चूक केली.

"बाबा, डॉक्टर म्हणालो, युनियन जावंक ना अजून."

मागे गाड्यांचा आवाज होता. बाबा ओरडले, "डॉक्टराक कितें पडलां? ताचोय ट्रक आसा?"

"आमची न्हय बाबा. हाडाची."

इंजिनाचा आवाज उतरला. मग ते म्हणाले, "हाडाचे दोनच कुडके मां? मगे जातली. आमच्या युनियनचे किती जाल्यात ते मोजूंकय जायना."

मी हसलो. तेही हसले. मग कोणीतरी मागून हॉर्न दिला आणि फोन बंद झाला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि खोलीत कोणी नव्हतं. त्या दिवशी मला पायापेक्षा ते जास्त दुखलं.

त्यानंतर कुबड्यांवर उभा राहू लागलो. पाय टेकताना प्रत्येक वेळी आतली केबल डोळ्यांसमोर यायची. ताणली जाणारी, एकेक धागा तुटत असलेली. डॉक्टर म्हणाले होते, थोडं थोडं टेक, त्यानेच हाड भरतं. म्हणजे टेकलं नाही तर जुळणार नाही, आणि जुळण्याआधी फार टेकलं तर तुटणार. हे कोणाला सांगावं कळेना. पोदेराला सांगण्यासारखं ते नव्हतं.

शेवटचा एक्स-रे डिचोलीला काढला, त्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ते उद्या बघतील, असं सांगून आम्हाला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आई एकटीच गेली. बसच्या धक्क्यांत मला दोनदा नेणं तिला नको होतं. गडबडीत ती आपला फोन घरीच विसरली. दुपारी तो माझ्या उशाशी वाजला. बाबा होते.

"कळलां?"

"ना अजून."

"बरें," म्हणाले आणि काही न बोलता फोन कानाला धरून राहिले. मीही धरून राहिलो. आम्ही दोघं एवढा वेळ असे कधी बोललो नव्हतो.

मग रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. मी कुबड्या घेऊन दारात गेलो, फोन खांद्याने कानाशी दाबून. आई दुकानासमोर उतरली. घरापर्यंत यायलाही तिला धीर नव्हता. एक्स-रेचा मोठा लिफाफा डोक्यावर उंच धरून ती तिथूनच ओरडली,

"जाली रे! युनियन जाली!"

बाकावरचे ट्रकवाले एकदम उठून उभे राहिले.

"खंयची गो?" एकाने विचारलं.

माझ्या कानात, कुठल्यातरी लांबच्या रस्त्यावरून, बाबांनीही अगदी तेच विचारलं.

"हाडाची," आई म्हणाली. "म्हज्या पुताच्या हाडाची."