डावा विळा
नातवाच्या बॅटला जवसाचं तेल चोळताना त्या वासासरशी मुरबाडच्या शाळेमागचं खाचर आठवलं. भात कापून झालं की आम्ही तिथे हॉकी खेळायचो आणि स्टिकना हेच तेल लावायचो. मी कप्तान होतो. आघाडीला वैशाखरे गावचा एक डावखुरा होता. पळायला वारा, पण हॉकीच्या स्टिकची सपाट बाजू एकच असते, त्यामुळे चेंडू आला की तो आधी स्टिक फिरवायचा, आणि तेवढ्यात समोरच्या संघातलं कुणीतरी चेंडू घेऊन जायचं. “आला चेंडू की शेजाऱ्याला द्यायचा, ही आपली पद्धत. त्याचे हात बदल, नाहीतर त्याला काढ,” मास्तरांनी मला बजावलं. महिनाभर मी रोज त्याचे हात धरून स्टिकवर उलटे बसवत राहिलो. तो एकदाच म्हणाला, “आमच्या लोहारानं माझ्यासाठी डावा इळा घडवला रे, हात नाय बदलला.” शहापूरच्या सामन्यात तो अगदी सांगितल्यासारखा खेळला. जागा सोडली नाही, आलेला प्रत्येक चेंडू शेजाऱ्याला दिला आणि गोलकडे एकदाही धावला नाही. आम्ही हरलो. परतताना बैलगाडीत त्याने विचारलं, “आता बराबर खेळलो ना?” मी हो म्हणालो. त्यानंतर तो शाळेतच आला नाही. पुढच्या सुगीत वैशाखऱ्याच्या रस्त्यावरून जाताना मला तो भात कापताना दिसला. बाकीचे कापत पुढे गेले होते आणि तो एकटा मागे राहिला होता, हातात सगळ्यांसारखाच उजवा विळा घेऊन. मी हाक मारली नाही. आज बोटं दोनदा साबणाने धुतली, तरी वास जात नाही.